हातचा कुठे गेला?
(बी. कॉम. भाग दोनमधील एक विद्यार्थी)

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी एका कारखान्याच्या कचेरीत पगारपत्रकाच्या कामाला जात होतो. कामगारांचे बँकेचे खातेक्रमांक स्प्रेडशीटमध्ये भरायचे, एवढेच काम. क्रमांक १६ आकडी. प्रत्येक क्रमांक वहीत दोनदा पाहून मी भरला. तरी पगार परत आले. बँक म्हणाली, अशी खातीच नाहीत! नीट पाहिले तेव्हा उमगले की प्रत्येक क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला होता. ज्या तिघांचा शेवटचा अंक मुळातच शून्य होता, तेवढ्यांचे पगार झाले. बाकीच्यांची दिवाळी चार दिवस लांबली आणि बोलणी मला बसली. कारण 'कॉम्प्युटर चुकत नाही' ही तिथल्या सर्वांची श्रद्धा.

कॉम्प्युटरची पाटी लहान असते, एवढेच. नेहमीची स्प्रेडशीट संख्येचे पहिले १५ अंक जपते आणि पुढच्या अंकांच्या जागी मुकाट्याने शून्य मांडते. खरे तर खातेक्रमांक ही संख्या नव्हेच, ते नाव आहे. त्याची बेरीज कोण करतो? रकाना आधी 'टेक्स्ट' केला असता तर काही बिघडले नसते. पण हे मला कोणी शिकवले नव्हते.

जिथे संख्या खरोखरच संख्या असते, तिथेही हा घोटाळा होतो. बीसीएत शिकणाऱ्या माझ्या कन्नड मित्राने जावा भाषेत ५०,००० गुणिले ५०,००० करून दाखवले. उत्तर हवे २५० कोटी. आले उणे १७९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६! तिथला साधा 'इंट' ३२ बिटांचा. २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे त्याची मजल नाही. त्यापुढे गेले की चक्र उलटे फिरते आणि जमेची रक्कम नावे पडते, तीही एका शब्दाची सूचना न देता. अपूर्णांकांच्या भानगडी टाळण्यासाठी रकमा पैशांत ठेवाव्यात असे जाणकार सांगतात. तसे केले तर ही मर्यादा सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत येते. एखाद्या बऱ्या अडत दुकानाची वर्षाची उलाढाल याहून जास्त असेल.

पायथनचे तसे नाही. मित्राने दोनचा हजारावा घात मागितला, तर ३०२ अंकी उत्तर क्षणात पडद्यावर! गुपित काय, तर प्राथमिक शाळेत शिकलेला हातचा. मोठ्या संख्येचे तुकडे पाडायचे, तुकड्यातुकड्याने बेरीज करायची, हातचा पुढच्या तुकड्यात न्यायचा आणि लागेल तेवढी जागा वाढवायची. वेळ थोडा जास्त लागतो, हे खरे. जावातही 'बिगइंटिजर' आहे, पण ते आठवणीने मागावे लागते. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त एकं पासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे दिली आहेत. (ते विजापूरचे की खानदेशातल्या पाटणचे, हा वाद या अंकाच्या दोन विभागांत नको!) ६४ बिटांचा पूर्णांक ९२ परार्धांच्या थोडा पुढे जाऊन थांबतो, पायथनला तिथे धापही लागत नाही.

वाणिज्य शाखेला हे कशाला, सॉफ्टवेअरवाले पाहून घेतील, असे आमच्या काही प्राध्यापकांचे म्हणणे. मला ते पटत नाही. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले. यंत्राने दोन्ही बाजूंना तीच चुकीची संख्या नेली, तर तेरीज खुशाल जुळेल. उद्या ऑडिटला बसणार आम्ही आणि खाली सही आमची असणार.

प्रत्येकाने प्रोग्रॅमिंग शिकावे असे मी म्हणत नाही. मित्र म्हणतो, आणि त्यावरून आमचे भांडण चालू आहे. माझी मागणी दोन तासांची आहे: एक स्प्रेडशीटच्या १५ अंकांवर आणि दुसरा ५०,००० गुणिले ५०,००० वर. कारखान्यातला तो रकाना मी 'टेक्स्ट' करून आलो आहे. पुढच्या दिवाळीत तिथे नवे पगारपत्रक उघडणारा मुलगा मात्र बहुधा आपल्याच कॉलेजातला असेल.