बदलीच्या घरातील भिंती

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या बांधवभगिनींच्या दिवाणखान्याविषयी आज आम्हांस थोडे कटू लिहावयाचे आहे. ही मंडळी सुशिक्षित आहेत, सुस्थितीत आहेत. त्यांच्या कपाटात पुस्तके आहेत, भीमसेन जोशी आणि किशोरी आमोणकर यांचे गाणे त्यांच्या नित्य ऐकण्यात आहे, आणि गावात मराठी नाटक आले तर पुढच्या रांगेतील जागेसाठी ती धडपडतात. परंतु त्यांच्या घराच्या भिंतींकडे पाहावे, तर आपल्या काळातील चित्रकाराचे, त्याच्या हातचे, असे एकही चित्र तेथे बहुधा आढळत नाही.

मग तेथे काय असते? वास्तुशास्त्राच्या सल्ल्यावरून टांगलेले धावणारे सात घोडे असतात. सोफ्याच्या रंगाशी जुळणारा, दुकानदाराने निवडून दिलेला छापील कॅनव्हास असतो. प्रशिक्षणाच्या काळातील समूहछायाचित्र आणि निरोपसमारंभांत मिळालेली स्मृतिचिन्हे असतात. आणि महाराष्ट्राची ओळख म्हणून वारली नक्षी छापलेले एखादे तबक असते. देवादिकांच्या आणि थोर पुरुषांच्या प्रतिमांविषयी आम्ही बोलत नाही. त्यांचे स्थान श्रद्धेचे आहे आणि ते तसेच राहावे. आमचा प्रश्न उरलेल्या भिंतीविषयी आहे. ती भिंत आपण स्वतःच्या डोळ्यांनी कधी भरलीच नाही, ती परभारे भरली गेली, ही आमची तक्रार आहे.

याची कारणे विचारली असता तीन उत्तरे मिळतात. पहिले बदलीचे. 'दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवावयाचे, त्यात चित्रांचे लोढणे कोण सांभाळणार?' असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा एक इतिहास आठवावा. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यांपैकी गाडे विदर्भातले, हुसेन पंढरपुरात जन्मलेले, आणि रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. या होतकरू तरुणांच्या पाठीशी प्रारंभी कोण उभे राहिले? जर्मनीहून आलेले रुडॉल्फ फॉन लायडन, आणि व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर व इमॅन्युएल श्लेसिंगर. युरोपात नाझींचा वरवंटा फिरू लागला त्या काळात हे तिघे येथे आले होते. लायडन यांनी या चित्रकारांविषयी लिहिले, लँगहॅमर यांनी आपले घर त्यांना मोकळे केले, आणि श्लेसिंगर यांनी त्यांची चित्रे विकत घेऊन आपल्या भिंतींवर लावली. ज्यांचा देशच सुटला होता त्यांना परक्या शहरात चित्र टांगावेसे वाटले; आणि बदलीच्या भत्त्यासह सामान हलविणारे आम्ही म्हणतो, की आमचे घर स्थिर नाही! शीतकपाट आणि भिंतभर रुंदीचा दूरचित्रवाणी संच मालमोटारीतून सुखरूप पोहोचतो, तर गादीच्या घडीत बसणारे दीड हाताचे जलरंगचित्र का पोहोचू नये?

दुसरे उत्तर पैशाचे. नामांकित चित्रकारांच्या किमती वृत्तपत्रांत वाचून आपण कानांवर हात ठेवतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु चित्रांचा बाजार तेवढाच नव्हे. तांब्याच्या पत्र्यावरून वा लाकडी ठोकळ्यावरून कलावंताने स्वतः काढलेल्या मुद्राचित्राच्या मोजक्याच प्रती असतात. खाली पेन्सिलीने त्याची सही आणि प्रतीचा क्रमांक असतो. असे चांगले मुद्राचित्र सोफ्याच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळू शकते. बडोद्याचा कलाविभाग १९५० पासून चित्रकार घडवीत आला आहे, आणि तेथे आमच्या इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. अशा कलाशाळांच्या प्रदर्शनांत विद्यार्थ्यांची कामे पाहावयास कोणीही जावे. सोफा दहा वर्षांत झिजतो. त्याच्या रंगाशी जुळविण्यासाठी चित्र निवडणे म्हणजे जोड्यास शोभेल असा पाय शोधणे होय.

तिसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे: 'आम्हांस त्यातले कळत नाही.' खरे पाहता मराठी मध्यमवर्गाचा चित्रकलेशी संबंध एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची प्रमाणपत्रे हाती आली की संपतो. पण हाच वर्ग तासभर यमनाचा आलाप ऐकतो, आणि त्याचा 'अर्थ काय' असे कोणी गवयास विचारीत नाही. कान जसा ऐकून तयार होतो, तसा डोळा पाहून तयार होतो. पुस्तकी व्याख्या पाठ करून चित्र कळत नाही. रोज सकाळी चहा घेताना समोर असले म्हणजे हळूहळू कळू लागते. म्हणूनच ते घरात हवे. संग्रहालयात आपण जन्मात चार वेळा जातो, घरातील भिंत दिवसातून चाळीस वेळा दिसते. आणि त्या भिंतीकडे पाहतच आपली मुले वाढतात.

या अनास्थेची किंमत कोण भरतो, तेही पाहावे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला, ते गिरगावच्या चाळीत वाढले, आणि १९७२ पासून दिल्लीत राहिले. निजामुद्दीन भागातील लहानशा बरसातीत त्यांनी वर्षानुवर्षे निःशब्दपणे रंग लावला. ते २००१ साली वारले. २०१३ साली मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्रास तेवीस कोटींहून अधिक रुपये मिळाले, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन उघडले. त्या साऱ्या काळात दिल्लीत मराठी अधिकाऱ्यांची वाण नव्हती. त्यांपैकी कितीजण तो जिना चढले असतील, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. उद्या कोटी मिळतील म्हणून आज चित्र घ्या, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. ती शेअर बाजाराची बुद्धी झाली. आपला माणूस शेजारी राहून काम करीत असताना आपल्याला त्याचा पत्ता नसावा, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

वारलीच्या तबकाविषयीही बोलणे भाग आहे. ही कला लग्नघरच्या भिंतीवर, गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने वारली स्त्रिया काढीत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. ही नावानिशी ओळखता येणारी कला आहे. तिच्या आकृत्या यंत्रावर छापून उशीच्या अभ्र्यावर मिरविणे हा महाराष्ट्राभिमान नव्हे. अभिमान असेल तर वारली चित्रकाराकडूनच चित्र घ्यावे आणि आलेल्या पाहुण्यास त्याचे नाव सांगावे.

त्याहूनही आमचा आग्रह असा, की ज्या गावी बदली झाली त्या गावचे चित्र घ्यावे. भोपाळात १९८२ साली भारत भवन उभे राहिले, आणि जनगढसिंह श्याम यांच्यामागून अनेक गोंड चित्रकार त्या शहरात स्थायिक झाले. चेन्नईजवळ १९६६ पासून चोळमंडल हे कलाकारांचे गावच वसले आहे. तीन वर्षे तेथे राहून आपण मंडळाच्या गणपतीखेरीज काही पाहिले नाही, तर आपण त्या गावी राहिलो असे कसे म्हणावे?

एक इशारा मात्र स्पष्ट शब्दांत देतो. चित्र विकत घ्यावे, भेट म्हणून स्वीकारू नये. अधिकाराच्या खुर्चीतील माणसास 'साहेब, ही आठवण ठेवा' म्हणून चित्र देणारे पुष्कळ भेटतात, आणि फुकटच्या चित्राने सजलेली भिंत ही रित्या भिंतीहून वाईट. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांनी भेटींवर बंधने घातली आहेत, आणि दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीच्या जंगम वस्तूची खरेदी कळविण्याचे बंधनही घातले आहे. पूर्ण दाम द्यावे, पावती घ्यावी. कलावंताचा मान आणि आपली मान, दोन्ही त्यानेच ताठ राहतात.

लावण्याच्या बाबतीत थोडके सांगतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या दृष्टीसमोर असावा. छताला भिडवू नये. कागदावरील कामावर ऊन पडू देऊ नये, रंग उडतो. ओलीच्या भिंतीवर चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून वारा खेळता ठेवावा. आणि एका भिंतीवर एकच चित्र असावे. स्मृतिचिन्हांच्या गर्दीत त्याला उभे करू नये.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक बदलीच्या गावी एक चित्र घ्यावे, पती-पत्नींनी आणि मुलांनी मिळून निवडावे, आणि चित्रकारास एकदा तरी घरी जेवावयास बोलवावे. महाराष्ट्र मंडळांनीही नाटक-गाण्याच्या जोडीस वर्षातून एक चित्रप्रदर्शन भरवावे, आणि त्यात स्थानिक चित्रकारांना आमंत्रण द्यावे. असे झाले, तर सेवानिवृत्त होऊन पुण्याच्या वा नागपुरच्या घरात परतणाऱ्या कुटुंबापाशी पितळी पाट्यांखेरीज दहा गावांच्या दहा नजरा असतील, आणि त्या दहा गावी आपल्याला नावाने ओळखणारे एकेक चित्रकाराचे घर असेल.