अक्षता वेळेवर पडू द्या! मांडवातली भाषणे आणि आपली तब्येत

लग्नपत्रिकेवर मुहूर्त मिनिटासकट छापलेला असतो. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे. गुरुजींनी पंचांग पाहून काढलेला, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मान डोलावलेला. आणि अक्षता प्रत्यक्षात कधी पडतात? आमच्या परंड्यात विचारा, नाहीतर भूम, बार्शी, करमाळ्याला विचारा. दीड, दोन, कधी अडीच.

वरात लांबते, बँडवाले सोडत नाहीत, ही कारणे आहेतच. पण नवरदेव मारुतीचे दर्शन घेऊन मांडवात आल्यावर, नवरी मामाचा हात धरून उभी राहिल्यावर, हजार लोकांच्या हातात तांदूळ आल्यावर जो उशीर होतो, त्याचे कारण एकच. माईक. "यानंतर वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी मी विनंती करतो…" असे निवेदक म्हणतो आणि हातातले तांदूळ घामाने भिजायला लागतात.

या विषयावर डॉक्टरने का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. लिहितो आहे, कारण लग्नसराईत माझ्या ओपीडीत येणाऱ्या बऱ्याच रुग्णांची कहाणी मांडवातच सुरू झालेली असते. चक्कर, उलट्या, साखर खाली जाणे, लघवीची जळजळ. औषध मी देतो. पण आजार माईकने दिलेला असतो, हेही कोणीतरी सांगायला हवे.

आधी हिशेब करू

सहा वक्ते धरा. प्रत्येकी सात मिनिटे, म्हणजे ४२ मिनिटे. त्यांच्याआधी वीस जणांचे शाल, फेटा, नारळ देऊन सत्कार. एकेक मिनिट धरले तरी २० मिनिटे. झाला तासभर. मांडवात ८०० माणसे असतील तर माणसांचे मिळून ८०० तास गेले. तेही मे महिन्यात, भर दुपारी, उपाशी पोटी.

आणि या तासाभरात वधूवरांबद्दल किती बोलले जाते? पुढच्या लग्नात घड्याळ लावून पाहा. बहुतेक वक्त्यांना मुलीचे नाव चिठ्ठीत पाहून वाचावे लागते. बाकीचा वेळ उपस्थित मान्यवरांची नावे, यजमानांशी असलेले जुने संबंध, आणि निवडणूक जवळ असेल तर केलेल्या कामांची यादी. याला आशीर्वाद म्हणायचे का, हे तुम्हीच ठरवा. मी याला सभा म्हणतो. फरक इतकाच, की सभेतून माणूस उठून जाऊ शकतो. लग्नातून जेवल्याशिवाय आणि अक्षता टाकल्याशिवाय जाता येत नाही.

मांडवात शरीराचे काय होते?

आपले शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायला धडपडत असते. बाहेरची हवा थंड असेल तर उष्णता कातडीवाटे निघून जाते. हवाच चाळीस अंशांची झाली की हा रस्ता बंद होतो. मग उरतो एकच उपाय, घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळला पाहिजे, तेव्हाच अंग थंड होते. बाजूने कनाती बांधलेल्या मांडवात, किंवा पत्र्याच्या छताच्या कार्यालयात, शेकडो माणसे खेटून बसली की हवा दमट होते आणि घाम वाळत नाही. त्यात जरीची साडी, सूट, फेटा. शरीर तापत जाते.

तरुण माणूस हे सोसतो. म्हाताऱ्यांचे तसे नसते. वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आधीच कमी असते. तुमचे आजोबा पुढच्या रांगेत शांत बसलेले दिसतात, तेव्हा ते भाषण मन लावून ऐकत असतील असे समजू नका. कदाचित त्यांना ग्लानी येत असेल.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यापेक्षा कमीच. लोक सकाळपासून उन्हात बसून होते, व्यासपीठावर सत्कार आणि भाषणे चालू होती. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर त्या उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे सरकारने ठरवले. मांडवाला छत असते, गर्दी त्या मानाने फार लहान असते, हे मान्य. पण उष्णता शरीरावर काम करते ती त्याच पद्धतीने. खारघर आठवत असेल तर मांडवातला तासभर किरकोळ वाटणार नाही.

मधुमेह असेल तर हा भाग नीट वाचा

इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणारे रुग्ण दुपारचे औषध जेवणाच्या आधी घेतात. पत्रिकेत १२:३५ लिहिले आहे, म्हणजे एकपर्यंत ताट येईल, या भरवशावर कोणी साडेबाराला औषध घेतले आणि ताट आले अडीचला, तर मधल्या वेळात औषध आपले काम करतच राहते. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडते, माणूस विसंगत बोलतो. मांडवात घाम सगळ्यांनाच आलेला असतो, त्यामुळे शेजारच्याला वाटते, उकडत असेल. साखर आणखी उतरली तर शुद्ध जाते.

म्हणून तीन नियम.

१. ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा ही गोळी घेऊ नका.
२. घरून भाकरीचा तुकडा, दोन पोळ्या, काहीतरी खाऊन निघा. "लग्नाला जायचंय, पोट रिकामं ठेवतो" हा हिशेब मधुमेहात चालत नाही.
३. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. लक्षणे दिसताच तीन ते चार चमचे साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या, आणि मग खा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

नवरी चक्कर येऊन पडते, ती लाजून नव्हे

अनेक घरांत अक्षता पडेपर्यंत नवरा-नवरीने उपास करायची पद्धत आहे. पहाटे उठून हळद, आंघोळ, मेकअप, अंगावर जड शालू आणि दागिने, आणि मग व्यासपीठावर उभे राहून भाषणे ऐकायची. बराच वेळ एका जागी उभे राहिले की रक्त पायांत साठते, मेंदूकडे कमी जाते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी लोक गराडा घालतात आणि कोणी कांदा हुंगायला देतो. तसे करू नका. आडवे झोपवा, पाय उशीवर उंच करा, वारा येऊ द्या. पूर्ण शुद्ध आल्यावर पाणी द्या.

बायकांची आणखी एक अडचण कोणी बोलत नाही. मांडवाजवळ धड संडास-मुतारी नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ज्यांना लघवीचा जंतुसंसर्ग किंवा मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, त्यांना चार तास पाणी न पिणे आणि लघवी दाबून ठेवणे फार महागात पडते.

आणि जेवण?

आचाऱ्याने भात मुहूर्ताच्या हिशेबाने उतरवलेला असतो. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ कोमट राहू देऊ नये, ते ६० अंशांच्या वर गरम ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लग्नात आचाऱ्याला हे जमणार कसे? भाषणे किती चालतील हे त्याला कोण सांगणार? भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू असतात. शिजवले तरी त्यांची बीजे मरत नाहीत. कोमट भातात ती वाढतात आणि विष तयार करतात. तो भात पुन्हा गरम केला तरी उलट्या घडवणारे विष जात नाही. मग संध्याकाळी अर्धे गाव उलट्या करते आणि दोष बिचाऱ्या आचाऱ्याला लागतो.

"पण डॉक्टर, इज्जतीचा प्रश्न आहे"

हे मला नेहमी ऐकवले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरच्या लग्नाला पुढारी आले की त्या घराला आधार वाटतो. उद्या तहसीलमध्ये, बँकेत, दवाखान्यात शब्द टाकायला माणूस लागतो. एकाला बोलू दिले आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरा रुसतो. मुलीचा बाप या कात्रीत सापडलेला असतो.

म्हणून माझे भांडण मुलीच्या बापाशी नाही. ज्याच्या हातात माईक आहे, त्याच्याशी आहे. तुम्ही लग्नाला आलात, यातच यजमानांचा मान झाला. तुमचे भाषण झाले नाही म्हणून कोणाचे लग्न मोडल्याचे मी ऐकलेले नाही. पुढे जा, जोडप्याच्या डोक्यावर हात ठेवा, पंगतीला बसा. लोक तुम्हाला जास्त लक्षात ठेवतील.

"रीतच आहे" असेही म्हणतात. कसली रीत? विधीमध्ये मंगलाष्टके आहेत, सप्तपदी आहे, कन्यादान आहे. अध्यक्षीय समारोप कुठे आहे? आणि रीत बदलता येते, हे तर महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्या पद्धतीत वधू आणि वर एकमेकांना वचन देतात. दीडशे वर्षांपूर्वी नवरा-नवरीला बोलायला जागा मिळाली होती. आज त्यांच्या लग्नात सगळे बोलतात, फक्त ते दोघे सोडून.

मग बोलायचेच नाही का?

बोला, पण ठरवून बोला. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे लग्नाच्या रिसेप्शनला गेलात तर 'टोस्ट' नावाचा प्रकार दिसेल. कोण बोलणार हे आधी ठरते. बहुधा वडील, जवळचा मित्र, एखादी मैत्रीण. म्हणजे जोडप्याला ओळखणारी माणसे. लोक खुर्चीवर बसलेले असतात, समोर खायला-प्यायला असते. दोन-चार मिनिटांत शुभेच्छा देऊन बोलणारा खाली बसतो. त्यातला दारूचा पेला तिकडेच राहू द्या. बाकीचे घेण्यासारखे आहे.

घरी लग्न असेल तर सुपारी फुटते त्याच दिवशी दोन्हीकडच्यांनी बसून एवढे ठरवा:

• अक्षता पडण्याआधी एकही भाषण नाही, एकही सत्कार नाही. हे पत्रिकेतच छापा, म्हणजे तोंडावर नाही म्हणायची वेळ येत नाही.
• बोलणारे जास्तीत जास्त चार, दोन्हीकडचे दोन-दोन. प्रत्येकी दोन मिनिटे. पहिली पंगत बसल्यावर, किंवा संध्याकाळी स्वागत समारंभात.
• आलेल्यांची नावे निवेदकाने एकदा वाचावीत. स्वागत झाले.
• मुहूर्त निवडता येत असेल तर उन्हाळ्यात सकाळचा किंवा गोरज घ्या.
• पाण्याचे जार मांडवाच्या एका टोकाला नकोत, रांगांमध्ये फिरवा. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या आणि गरोदर बायकांना कडेला, वारा येतो तिथे बसवा. बायकांसाठी स्वच्छ संडासाची सोय आधी पाहा, डेकोरेशन नंतर.
• नवरा-नवरीला उपास असला तरी लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, दूध, केळे द्या. देवाला चालते.

आणि बोलायचे काय? आपले नाते सांगा, एक खरी आठवण सांगा, आशीर्वाद द्या. समजा नवरीचा मामा बोलतो आहे: "आमची भाची पाचवीपासून सायकलवर शाळेला गेली, पावसातसुद्धा खाडा नाही. जावईबापू, ती कष्टाला मागं हटत नाही आणि चुकीच्या गोष्टीला गप्प बसत नाही. तिला गप्प बसवू नका. दोघं सुखात राहा." अर्धा मिनिट लागला. मांडवात चार बायकांनी पदर डोळ्याला लावला असेल. एवढे साधले तर आणखी काय हवे?

उष्माघात ओळखा

मांडवात कोणाचे अंग चटका बसेल इतके तापले असेल, तो बरळत असेल, डोळे फिरवत असेल, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडे असो वा घामेजलेले, वाट पाहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, काख आणि मानेला ओली फडकी लावा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नका. आणि तेवढा वेळ तरी माईक बंद करा, रस्ता मोकळा करायला सांगायचे असेल तेव्हाच चालू करा.

येत्या लग्नसराईत तुमच्या घरी कार्य असेल तर हा लेख सोयऱ्यांना वाचून दाखवा. डॉक्टरांनीच सांगितले आहे, असे बेलाशक माझे नाव पुढे करा. रुसणारा माझ्यावर रुसेल, तुमच्या मुलीचे लग्न तरी वेळेवर लागेल.