टक्के कशाचे? हे आधी विचारा



गेल्या रविवारी विहारात आठवीच्या मुलांचा शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव चालू होता. फळ्यावर उदाहरण लिहिले : धान भरडल्यावर धानाच्या ६७ टक्के तांदूळ निघतो, २०१ किलो तांदूळ हवा असल्यास किती धान भरडावे लागेल? बहुतेक मुलांनी २०१ चे ३३ टक्के काढून त्यातच मिळविले आणि सुमारे २६७ किलो असे उत्तर दिले. मुलीला न्यायला आलेली एक आई दाराशी उभी होती. ती राईस मिलमध्ये कामाला जाते. ती म्हणाली, "सर, एका क्विंटलला ६७ किलो, तर २०१ ला तीन क्विंटल नाही का लागणार?"

उत्तर अगदी बरोबर. शासकीय धानाच्या भरडाईतही न उकडलेल्या तांदळाचा उतारा क्विंटलला ६७ किलोच धरतात. ते ६७ टक्के धानाचे आहेत, तांदळाचे नव्हेत, हे त्या बाईंना कामामुळे पक्के ठाऊक होते. मुले चुकली ती नेमकी इथेच.

म्हणून शेकडेवारीचे कोणतेही उदाहरण आले की आधी विचारा : टक्के कशाचे? ज्याचे टक्के, त्याला १०० माना. इथे धान १००, तांदूळ ६७. तांदूळ २०१ म्हणजे ६७ ची तिप्पट. म्हणून धानही १०० च्या तिप्पट, ३०० किलो. शेवटी ताळा करा : ३०० चे ६७ टक्के २०१. ताळा जमला की मगच पुढचा प्रश्न घ्या.

दुसरा फसवा प्रकार पाहा. रोजी ३०० रुपये होती. ती २० टक्के वाढली आणि पुढे २० टक्के कमी झाली. मुले लगेच म्हणतात, "पुन्हा ३००च!" पण पहिले २० टक्के ३०० चे, म्हणजे ६० रुपये, रोजी झाली ३६०. दुसरे २० टक्के ३६० चे, म्हणजे ७२ रुपये; रोजी उरली २८८. मजुराचे १२ रुपये गेले, म्हणजे मूळच्या रोजीच्या ४ टक्के.

हा सराव कशासाठी? आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक संस्थांच्या किंवा अनुदानित शाळेतील आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांत ४८,००० मिळतात. दोन्ही पेपर मिळून १८० गुण असतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पात्रतेसाठी ३२ टक्के लागतात. १८० चे ३२ टक्के ५७.६, म्हणजे किमान ५८ गुण. मात्र निवड गुणवत्तेनुसार होते, म्हणून ५८ वर थांबू नका. आठवीनंतर शाळा सोडून कामाला लागणारी मुले आपल्या वस्त्यांत आजही आहेत. महिन्याचे हजार रुपये अशा घरात मुलीचे शिक्षण चालू ठेवू शकतात.

गुण कमी पडले म्हणून मुलांना बोलू नका. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्के मुलांनाच काढायला सांगा : २८२ भागिले ७५०, गुणिले १००, म्हणजे ३७.६. त्या यशाबद्दल सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे.

हे गणित परीक्षेपुरतेही नाही. सावकार "शेकडा ५" म्हणतो तेव्हा दोन प्रश्न विचारा : कशाचे, आणि किती दिवसांचे? १०,००० रुपयांवर महिन्याला ५ टक्के म्हणजे ५०० रुपये. वर्षाचे झाले ६,०००, म्हणजे ६० टक्के. अंगठा किंवा सही करण्याआधी हा हिशेब घरातल्या आठवीच्या मुलीकडून मांडून घ्या. तिचा सराव होईल आणि तुमचे घर वाचेल.

या आठवड्याचे उदाहरण : १५ टक्के सूट मिळून एक साडी ६८० रुपयांना पडली. छापील किंमत किती? ६८० चे १५ टक्के काढू नका. सूट कशावर मिळाली, ते आधी पाहा. उत्तर ८०० आले, तर तुम्हाला युक्ती समजली.