ट्रॅक्टरच्या धुराला गाळणी : खर्च किमतीचा, प्रश्न वापराचा

ट्रॅक्टरच्या धुरावरील नियमांची चर्चा बहुतेक वेळा किमतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. नवा टप्पा आला की ट्रॅक्टर महागणार, म्हणून तारीख पुढे ढकला, अशी मागणी होते आणि तारीख पुढे जाते. किंमत वाढते हे खरेच. पण ट्रॅक्टर दारात आल्यावर पुढची दहा-पंधरा वर्षे धूर साफ करणारी ही यंत्रणा आपल्या कामात टिकणार कशी, यावर फारसे कुणी बोलत नाही.

आधी नियम काय आहेत ते पाहू. ५० एचपीवरील (सुमारे ३७ किलोवॅट) नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे निकष लागू झाले. त्याखालचे ट्रॅक्टर ट्रेम-३ए वरच राहिले. पुढचा टप्पा ट्रेम-५. तो एप्रिल २०२४ मध्ये यायचा होता, ती तारीख एप्रिल २०२६ करण्यात आली. लहान ट्रॅक्टरना आणखी सवड द्यावी, टप्पे पाडावेत, अशी उत्पादकांची मागणी राहिली आहे.

ट्रेम-४ ची झळ आपल्याकडे फार थोड्यांना लागली, कारण देशात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर ३० ते ५० एचपीमधले असतात. ५० च्या जेमतेम खाली बसणारी मॉडेल्स बाजारात का इतकी, याचे उत्तरही यातच आहे. ट्रेम-५ मात्र साधारण २५ एचपीपासून वरच्या सगळ्यांना गाठतो. २५ ते ५० एचपी गटात धुरातील कणांची मर्यादा ट्रेम-३ए मध्ये प्रति किलोवॅट-तास ०.६ ग्रॅम आहे. ट्रेम-५ मध्ये ती ०.०१५ ग्रॅम होते, म्हणजे चाळीस पटींनी कमी. शिवाय कणांची संख्याही मोजली जाते. इतकी घट नुसता पंप आणि नोझल सुधारून होत नाही, त्यासाठी सायलेन्सरच्या जागी गाळणी बसवावीच लागते. २५ एचपीखालच्या छोट्या ट्रॅक्टरला मात्र ०.४ ग्रॅमची मुभा आहे, त्यामुळे त्यांची बहुधा गाळणीशिवाय सुटका होईल.

धूर साफ करायची गरज आहे का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरशेजारी दहा-दहा तास उभे राहणारे मजूर हा धूर सर्वांत जवळून घेतात. धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडपासून उन्हात जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि गहू, सोयाबीनसारख्या पिकांच्या पानांना तो मारक ठरतो.

इतके डबे कशासाठी?

इंजिनात ज्वलन जितके कडक, तितकी काजळी कमी. पण तितकेच नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त. धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडला (यालाच ईजीआर म्हणतात) की ऑक्साइड कमी होतात, पण काजळी वाढते. एक दाबले की दुसरे वर येते. म्हणून उरलेले काम इंजिनाबाहेर करावे लागते.

पहिला डबा डीओसी. त्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले डिझेल तिथे जळून जाते. त्यामागे डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी. मधमाशीच्या पोळ्यासारखी ही चिनी मातीच्या जातीची वीट असते. तिची छिद्रे एकाआड एक बंद केलेली असल्याने धुराला छिद्रांमधल्या भिंतीतून पाझरूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी आत अडकते. साधारण ७५ एचपीवरील यंत्रांमध्ये तिसरी एससीआर यंत्रणाही लागते. तीत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनच्या ऑक्साइडचे साधा नायट्रोजन वायू आणि पाणी करतात.

यातली गाळणी हीच शेतकऱ्याची डोकेदुखी ठरू शकते, कारण ती स्वतःला जाळून साफ करते. धूर २५० ते ४०० अंशांपर्यंत तापलेला असेल तर काजळी आपोआप हळूहळू जळत राहते. तेवढा ताप मिळाला नाही तर संगणक जादा डिझेल सोडून गाळणी ६०० अंशांच्या आसपास तापवतो आणि काजळी जाळतो. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला साधारण अर्धा तास लागतो.

आता आपली कामे पाहा. नांगरट, रोटाव्हेटर, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणे या कामांत इंजिन चांगले तापते, गाळणीला काही सांगावे लागत नाही. अडचण हलक्या कामांची आहे. गावातल्या गावात रिकामी ट्रॉली, लहान पंप, मजूर येईपर्यंत बांधावर चालू ठेवलेले इंजिन. धूर थंडच राहतो, काजळी साचत जाते. मग रिजनरेशन सुरू झाले आणि ड्रायव्हरने पाचव्या मिनिटाला चावी काढली, असे चार वेळा झाले की दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केले की इंजिन ताकद कमी करते. शेवटी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत ट्रॅक्टर उभा. पेरणीच्या तोंडावर हे झाले तर वाफसा काही थांबत नाही.

म्हणून माझे मत असे, की ३५ एचपीचे काम असताना केवळ दारात शोभतो म्हणून ५५ एचपीचा ट्रॅक्टर घेण्याची चैन यापुढे दुहेरी महाग पडेल. डिझेल जादा जाईलच, शिवाय अर्धपोटी चालणारे इंजिन गाळणी सतत चोंदवत राहील.

इंजिन ऑइलकडेही नवीन नजरेने पाहावे लागेल. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधील कॅल्शियम, जस्त यांची राख गाळणीत कायमची साठते आणि ती यंत्राने साफ करून घ्यावी लागते. त्यामुळे कमी राखेचे, एपीआय सीके-४ दर्जाचे किंवा पुस्तिकेत सांगितलेले ऑइलच वापरावे. कोपऱ्यावरच्या दुकानातले स्वस्त डबे इथे चालणार नाहीत. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनचे डिझेल त्यात उतरलेले असू शकते. पंपावरील डिझेल १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचे झाले आहे, ती बाजू सुधारली आहे. रॉकेलची भेसळ केली तर तो फायदा हातचा जातो.

आणखी एक धोका पुस्तिकेच्या कोपऱ्यात छापलेला असतो. रिजनरेशन चालू असताना सायलेन्सरमधून निघणारी हवा काडाला पेटवू शकते. सोयाबीनच्या गंजीजवळ, भुसावर किंवा कडब्याच्या वळईशेजारी हे होऊ देऊ नये. ट्रॅक्टर मोकळ्या, उघड्या जमिनीवर न्यावा.

युरिया तोच, पण तो नव्हे

मोठ्या यंत्रांच्या मालकांकडून येणारा नेहमीचा प्रश्न : आपल्याकडे ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, मग द्रावण विकत का घ्यायचे? द्रावणात ३२.५ टक्के युरियाच तर असतो. उत्तर असे, की शेतीचा युरिया निमलेपित असतो आणि त्यात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालते. इंजिनाच्या द्रावणात ते ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. त्यात विहिरीचे जड पाणी मिसळले की क्षार नोझलमध्ये आणि उत्प्रेरकावर बसतात. दुरुस्तीचा खर्च काही गोण्यांचा नसतो. शिवाय अनुदानित युरिया शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे.

“गाळणी काढूनच टाकली तर?” हेही विचारले जाते. वाहनात असा फेरफार मोटार वाहन कायद्याला मान्य नाही, वॉरंटी जाते आणि संगणकाला दाबाचा फरक लगेच कळतो. पण लोक असे का विचारतात हे उत्पादकांनी समजून घ्यायला हवे. तालुक्याच्या डीलरकडे तपासणी यंत्र आणि ते चालवणारा मेकॅनिक नसेल, तर शेतकरी गावातल्या वेल्डरकडेच जाईल. तारीख पुढे नेण्याच्या मागणीत हा मुद्दा क्वचितच असतो. मिळालेल्या सवडीत किती मेकॅनिक तयार झाले, हे सरकारने विचारायला हवे होते.

नवा ट्रॅक्टर बुक करताना डीलरकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : गाळणीवर किती तासांची वॉरंटी, राख किती तासांनी साफ करायची आणि त्याला खर्च किती, उभ्या जागी रिजनरेशन करण्याचे बटण आहे का, आणि हंगामात दिवा लागला तर माणूस किती तासांत येणार. जुन्या ट्रॅक्टरच्या बदल्यात किती मिळतात, ही बोलणी त्यानंतर करावीत.