मुक्काम म्हणजे भक्ष्यस्थान नव्हे

2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा व लक्ष्मी या पाच ऑलिव्ह रिडले कासवमाद्यांच्या पाठीवर उपग्रह-प्रेषक बसवले गेले. अशा प्रवासाचे नकाशे पाहताना सहज निष्कर्ष काढला जातो की, जिथे वेग मंदावतो आणि वाट वारंवार वळते, तिथेच त्या प्राण्याचे खाद्य असते.

हा पूर्वपक्ष निराधार नाही, कारण भक्ष्य सापडलेला प्राणी बहुधा त्याच टापूत घुटमळतो. परंतु त्याचा व्यत्यास खरा ठरत नाही. विणीच्या हंगामातील मादी पुढची अंडी पक्व होईपर्यंत किनाऱ्यालगत राहते आणि सागरी प्रवाहही वाट वाकवतो. जमिनीवर असा निष्कर्ष पडताळता तरी येतो: टिपेश्वर अभयारण्यात 2019 मध्ये कॉलर लावलेला वाघ अजिंठ्याच्या डोंगररांगेतील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला, तेव्हा तिथे पायी जाऊन शिकारीचे अवशेष शोधता येत होते. समुद्रात ही सोय नाही.

म्हणून मार्गाला बुडीच्या नोंदीची जोड हवी. सील हा सागरी सस्तन प्राणी कोकणात आढळत नसला, तरी या प्रश्नाचा सखोल अभ्यास त्याच्यावरच झाला आहे. बुडीचा आलेख परातीसारखा सपाट तळाचा असला, म्हणजे प्राणी खोलवर बराच वेळ रेंगाळला, तर तो शिकार करत असावा असे मानले जाते. याहून भक्कम पुरावा हत्ती सीलच्या ‘वाहत्या बुडी’तून मिळतो: या बुडीत तो पोहणे थांबवून नुसता वाहत जातो, आणि चरबी पाण्याहून हलकी असल्यामुळे रोडावलेला सील भरभर खाली जातो, तर पुष्ट झालेला सावकाश बुडतो किंवा वर तरंगू लागतो. अशा बुडींची तुलना केली की कोणत्या टप्प्यात त्याचे पोट खरोखर भरले, हे त्याचे शरीरच सांगते.

कासवाला मात्र ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण त्याची तरंगण्याची क्षमता मुख्यतः फुप्फुसातील हवेवर अवलंबून असते आणि तळावर विसावलेल्या कासवाचा आलेखही सपाटच उमटतो. त्याच्यासाठी जबड्याची हालचाल टिपणारे संवेदक किंवा पाठीवरचा कॅमेरा हवा.

यावरून प्रेषकच निरर्थक ठरवणे हा उलट टोकाचा दोष होय. 2023 मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री ही कासवमादी श्रीलंकेकडे गेली, हे प्रेषकाविना कळलेच नसते. शोध कुठे घ्यावा, हे तोच दाखवतो. मात्र खाद्यक्षेत्र म्हणून एखाद्या टापूत मासेमारीवर निर्बंध घालायचे असतील, तर कासव आणि कोळी या दोघांच्याही हितासाठी वनविभागाने आधी बुडीचा व भक्षणाचा पुरावा गोळा करावा.