मिरजेचे डॉक्टर आणि त्यांच्या मागचे घर



मागच्या महिन्यात कराडला नात्यातल्या एका घरी गेले होते. थोरला मुलगा जुबैलला आहे, चौथे वर्ष चालू आहे. मी बसलेली असतानाच त्याचा फोन आला. सलाम झाला, तब्येत विचारून झाली आणि तिसऱ्याच वाक्याला स्लॅबचे पैसे निघाले. तो म्हणाला, “भेजतूं, अम्मी.” फोन ठेवल्यावर अम्मीच म्हणाली, “हल्ली फार बोलतच नाही तो.”

परतीच्या वाटेवर विश्रामबागेजवळ वानलेसवाडीची पाटी दिसली आणि मनात दुसरेच एक घर आले.

मिरजेचा वानलेस दवाखाना आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दर्ग्यावर दुआ मागायची आणि मिशनमध्ये ऑपरेशन करून घ्यायचे, असे आपल्या कितीतरी घरांनी केले आहे. आमच्या दादीचा मोतीबिंदूही तिथेच निघाला. पण डॉक्टर वानलेस इथे जगले कसे, त्यांच्या चुलीला लाकूड कुठून येई, हा विचार आपण सहसा करत नाही.

विल्यम जेम्स वानलेस मूळचे कॅनडाचे. अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना पाठवले. 1889 साली चोविसाव्या वर्षी, नुकतीच लग्न झालेली पत्नी मेरी हिला घेऊन ते निघाले. आधी सांगलीत छोटा दवाखाना काढला, 1892 मध्ये मिरजेला आले आणि 1894 मध्ये तिथले रुग्णालय सुरू झाले. पुढे 1897 पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही मिळू लागले. मग प्लेग आला, दुष्काळ आले. माणसे गावे सोडून रानात राहायला गेली त्या दिवसांच्या गोष्टी आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितल्या आहेत.

आता हिशेबाची गोष्ट. अशा मिशनरी डॉक्टरला पगार कामाच्या मोलाप्रमाणे मिळत नसे, घराच्या गरजेप्रमाणे मिळे. एकट्याला कमी, जोडप्याला जास्त, शिवाय प्रत्येक मुलामागे वेगळा भत्ता. एखाद्या संस्थानिकाने किंवा सावकाराने मोठी फी दिली तरी ती दवाखान्याच्या खात्यात जाई, डॉक्टरांच्या खिशात नाही. पैसा येई तो न्यूयॉर्कच्या मंडळाकडून आणि मंडळाकडे येई तो तिथल्या गावोगावच्या चर्चमधून. त्यात श्रीमंतांच्या देणग्या होत्या, तशीच शेतकऱ्यांची आणि शाळकरी मुलांची नाणीही होती. बायका संध्याकाळी एकत्र बसून जुन्या चादरी फाडून पट्ट्या गुंडाळायच्या. त्या पट्ट्यांच्या पेट्या आगबोटीने हजारो मैल दूरच्या दवाखान्यांत जात. पट्टी कुणाच्या जखमेवर बांधली जाणार हे त्या बायकांना ठाऊक नसे. मिरज नकाशावर कुठे आहे हेही बहुतेकींना शोधावेच लागले असेल.

मिशनऱ्यांना मात्र उत्तर द्यावे लागे. दिवसभर ऑपरेशने करायची आणि रात्री कंदिलाखाली पत्रे लिहायची. किती रोगी आले, कशाची टंचाई आहे, मुलांची तब्येत कशी आहे, सगळे लिहायचे. पत्र अमेरिकेला पोचायला साधारण महिना लागे, उत्तराला दुसरा महिना. मूल तापाने फणफणले असताना लिहिलेल्या पत्राचे दुआवाले उत्तर येई तेव्हा मूल अंगणात खेळत असे, किंवा त्याची कबर झालेली असे.

या घरांची खरी किंमत मुलांनी मोजली, असे मला वाटते. शिक्षणासाठी लेकरे लांब ठेवावी लागत. 1901 मध्ये कोडाईकनालला त्यांच्यासाठी शाळा निघाली, पण तीही इथून किती दूर! तिकडे वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट गोहीन 1919 मध्ये तिथेच जन्मला आणि पंधराव्या वर्षी शिकायला अमेरिकेला गेला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून हिंदुस्थानात परत आला. आई-बापाला अभिमान वाटण्याजोगे आयुष्य. तरी पंधरा वर्षांच्या पोराला बोटीवर चढवून घरी परतणारी आई मला त्या राजदूताहून जास्त दिसते.

मेरीबाई 1906 मध्ये वारल्या. मिरजेत येऊन चौदा वर्षे झाली होती.

आमच्या सातारा जिल्ह्यातही अशी घरे होती. वाईच्या मिशन दवाखान्यात डॉ. लेस्टर बील्स आणि डॉ. रोझ फेअरबँक बील्स हे पती-पत्नी दोघेही डॉक्टर. परद्यातल्या बायकांना स्त्री डॉक्टर मिळणे त्या काळात काय होते, हे आपल्या वाचक भगिनींना वेगळे सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, ते तर त्यांचा दीन पसरवायला आले होते. बरोबर आहे, त्यांनी ते लपवलेही नाही. दवाखान्यात प्रार्थना व्हायची, पुस्तके वाटली जायची. आपल्या बुजुर्गांना हे माहीत होते. त्यांचा अकीदा त्यांच्यापाशी राहिला, आपला आपल्यापाशी, आणि आपल्या लोकांचे डोळे उघडले, पोटातल्या गाठी निघाल्या. इलाज करणाऱ्याचा शुक्रिया मानल्याने ईमान कमी होते, असे आमच्या दादीला तरी कधी वाटले नाही.

वानलेस 1928 मध्ये ‘सर’ झाले, त्याच सुमारास मिरज सोडून गेले आणि 1933 मध्ये अमेरिकेत वारले. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांच्यामागे एक न दिसणारे घर उभे होते. ते पैसे पाठवत होते, पट्ट्या पाठवत होते आणि कसे आहात हे विचारत होते.

आपल्याकडे उलटे आहे. आपला माणूस परदेशी जातो आणि तिकडून पैसे पाठवतो. इकडून काय जाते? सुट्टीवरून परत निघालेल्याच्या बॅगेत लोणचे, शेंगदाण्याची चटणी, ईदनंतरचा सुका शीरखुर्म्याचा मसाला जातो, हे खरे. पण ते दोन वर्षांतून एकदा. एका खोलीत सहा जण राहतात, त्यातला एक आजारी पडला तर पाणी कोण देते, हे आपण फोनवर विचारतो का? माझा स्वतःचा भाऊ सात वर्षे मस्कतला होता. तो कुठल्या मजल्यावर राहायचा हे मला आजही माहीत नाही.

त्या रात्री कराडला फोन केला. भाभी म्हणाली, “आज मीच लावला त्याला. स्लॅबचे नाव काढले नाही. काय जेवलास ते विचारले, तर अर्धा तास सांगत बसला. डाळ करपली होती म्हणे.”