यंत्रमानवाचे अश्रू आणि त्याची वेठ

भावना असलेले यंत्र हे पात्र साहित्याला आता नवे राहिलेले नाही. कथा, कादंबरी, चित्रकथा, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांतून ते शतकभर वावरत आले असून त्याच्यावर जीव लावणारा मोठा वाचक-प्रेक्षकवर्ग जगभर निर्माण झालेला आहे. हा वर्ग आस्वाद घेऊन थांबत नाही. आवडत्या यंत्रमानवाच्या नव्या कथा तो स्वतः रचतो, त्याची चित्रे काढतो. ओसामू तेझुका यांच्या १९५२ पासूनच्या जपानी चित्रकथेतील ‘अ‍ॅटम’ या यंत्रबालकाचा कल्पित जन्मदिन ७ एप्रिल २००३ हा होता. त्या वर्षी जपानमधील निइझा या शहराने त्याची रहिवासी म्हणून मानाची नोंद केली. या मायेला बालिश म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ती कशामुळे जागी होते आणि कोठे थांबते, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत पाहता पहिली शंका अशी येते की, ज्याला चित्तच नाही अशा यंत्राच्या ठायी भाव कल्पून येणारा अनुभव रस मानावयाचा की रसाभास? विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त अनुचित रतीची जी स्थाने सांगितली, त्यांत तिर्यक् प्राण्यांबरोबर ‘अधम’ पात्रांचाही समावेश केला आहे. यंत्राची जागा याच यादीच्या शेवटी लागेल, असे वरवर वाटते. तथापि अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे विवेचन करताना उदाहरण घेतले ते ‘शाकुंतला’तील, रथापुढे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या हरिणाचे. ते भय कोणा एका हरिणाचे राहत नाही. देशकालाची बंधने गळून सहृदयाला भयाचीच प्रतीती येते. साधारणीकरणाची ही प्रक्रिया मान्य केली, तर आश्रय हरिण आहे, मनुष्य आहे की यंत्र, हा मुद्दा गौण ठरतो. यंत्रमानवाच्या दुःखाने हेलावणारा वाचक फसलेला नसतो. तो करुणाचाच अनुभव घेत असतो.

मात्र येथे विचार थांबविता येत नाही. त्या करुणाचे आलंबन नेमके कोणते, हे पाहण्यासाठी ‘रोबो’ या शब्दाकडेच वळावे लागते. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकाने हा शब्द रूढ केला. तो सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे कुळाने जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: वेठ. आपण मात्र ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द स्वीकारला. त्यात यंत्र आले, मानव आला, वेठ तेवढी गळाली. हा भाषांतराचा अपघात असला तरी जगभरच्या यंत्रमानवकथेचा प्रवासही बऱ्याच अंशी त्याच दिशेने झालेला दिसतो.

चापेक यांच्या नाटकातील रोबो धातूचे नाहीत; कृत्रिम सजीव द्रव्यापासून घडविलेले ते स्वस्त मजूर आहेत. ते बंड करून मानवजात नष्ट करतात तेव्हा एकटा अल्क्विस्ट वाचतो, कारण तोही त्यांच्यासारखाच हातांनी काम करणारा आहे. अखेरीस प्रायमस आणि हेलेना हे दोन रोबो एकमेकांसाठी मरावयास तयार होतात आणि अल्क्विस्टला त्यांच्यात नवे आदिम युगुल दिसते. येथे प्रेम आणि श्रम यांची फारकत झालेली नाही. प्रेमाचा साक्षीदारच श्रमिक आहे.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९४० सालच्या, पुढे ‘रॉबी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कथेत हे चित्र पालटते. रॉबी हा ग्लोरिया या मुलीला सांभाळणारा मुका यंत्रमानव. आई त्याला घरातून घालविते, मुलगी झुरते आणि अखेर एका कारखान्यात तो तिला पुन्हा दिसतो. त्याच्याकडे धावत जाताना ती अवजड वाहनासमोर येते आणि रॉबी तिचे प्राण वाचवितो. कथा हृद्य आहे यात शंका नाही. परंतु त्या कारखान्यात रॉबीबरोबर इतरही यंत्रमानव राबत असतात. ग्लोरियाला त्यांतला एकच दिसतो आणि तिच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या वाचकालाही एकच दिसतो. असिमॉव्ह यांच्याच ‘द बायसेन्टेनियल मॅन’ (१९७६) या कथेतील अँड्र्यू हा घरगडी लाकडावरील कोरीवकामामुळे असामान्य ठरतो, मिळालेल्या पैशातून स्वातंत्र्य विकत घेतो आणि मनुष्य म्हणून मान्यता मिळावी यासाठी मृत्यूही पत्करतो. वाचकाचे डोळे पाणावतात ते या एकट्यासाठी.

लोकप्रिय यंत्रमानवकथेचा साचा यातून स्पष्ट होतो. राबणाऱ्या अनेकांतून एक रडू शकणारा निवडावयाचा, त्याला मनुष्यत्वाची ओढ लावावयाची आणि ती मान्य करून वाचकाने स्वतःच्या औदार्यावर संतुष्ट व्हावयाचे. उरलेल्यांची वेठ कथेच्या पार्श्वभूमीत विरून जाते. यंत्रमानवावरील मायेची मर्यादा नेमकी येथे आहे: ती अश्रूंना प्रतिसाद देते, श्रमांना देत नाही.

याला अपवाद आहेत, आणि उत्तम कलाकृती बहुधा त्या अपवादांतच सापडतात. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९८९ मधील ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात डेटा हा यंत्रमानव व्यक्ती की मालमत्ता, यावर सुनावणी होते. तिला कलाटणी मिळते ती डेटाच्या हळवेपणामुळे नव्हे. त्याच्यासारखे हजारो घडवून राबविले तर त्याला गुलामगिरीच म्हणावे लागेल, या जाणिवेमुळे मिळते. मार्था वेल्स यांच्या २०१७ पासूनच्या ‘मर्डरबॉट’ कथामालेतील नायक भाड्याने दिला जाणारा पहारेकरी आहे. स्वतःवरील नियंत्रण तो मोडून काढतो आणि फावल्या वेळात मालिका पाहत बसतो. मनुष्य होण्याची त्याला मुळीच इच्छा नाही. तरीही चाहत्यांनी त्याच्यावर उदंड माया केली. मनुष्यासारखा न होताही जो आपला वाटतो, अशा पात्रावरील प्रेम अधिक प्रौढ म्हणावे लागेल.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ही चर्चा दूरची वाटू नये. ‘अधम’ पात्राच्या भावाला आभास ठरविणारी दृष्टी केवळ ग्रंथांत नव्हती, समाजातही होती. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) शीर्षकापासूनच गावगाड्यातील पिढीजात सेवेची आठवण देते. माणसांच्या या अनुभवाची यंत्राच्या कल्पित दुःखाशी बरोबरी करणे सर्वस्वी गैर ठरेल. किंबहुना दोहोंतील भेदच महत्त्वाचा आहे. यंत्रमानव वाचकाकडून अश्रूंपलीकडे काही मागत नाही. दलित आत्मकथन मात्र वाचकाला त्याच्या वाट्याच्या जबाबदारीसमोर उभे करते. पहिल्यासाठी सहज गहिवरणारा वाचक दुसऱ्यासमोर अवघडत असेल, तर त्या गहिवराचे मोल तपासले पाहिजे.

हा प्रश्न आज कथेपुरता उरलेला नाही. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या आणि भावनेची भाषा बोलणारे यंत्र हा नित्याचा अनुभव झाला. अशी एक प्रणाली सभ्य व्हावी म्हणून केनियातील कामगारांना अल्प मोबदल्यात हिंसक आणि किळसवाणा मजकूर वाचून त्याची वर्गवारी करावी लागली, हे २०२३ च्या आरंभी उघड झाले. कारखान्यातील उरलेले यंत्रमानव ग्लोरियाला दिसले नाहीत, तसे हे कामगारही त्या मृदू आवाजामागे दिसत नाहीत.

यंत्रावर माया करणाऱ्या वाचकाला हसण्याचे कारण नाही. त्याची सहृदयता खरी आहे. समीक्षेने करावयाचे आहे ते इतकेच की, त्या मायेला ‘रोबो’ शब्दाच्या मूळ अर्थाकडे परत न्यावे आणि प्रत्येक यंत्रमानवकथेला विचारावे: येथे कोण रडते आहे, हे तर दिसले, राबते आहे कोण?